खांदशेकणी

जुन्या वस्तूंचा लोभ हा माणसाचा त्यातल्या त्यात सोज्वळ लोभ समजला जातो. आजीची पैठणी, पणजोबांचा पानाचा डबा, देवघरातली झिजून गुळगुळीत झालेली पितळी घंटा, यांचा घरोघर मान असतो. पाहुणे आले की त्या बाहेर निघतात, हातांतून हातांत फिरतात आणि पुन्हा मऊ फडक्यात गुंडाळून आत जातात. परंतु या जुनेपणाच्या राज्यातही उच्चनीच भाव आहे. एखाद्या संस्थानिकाची मोटार जुनी झाली की ती 'व्हिंटेज' होते. थंडीतल्या एखाद्या रविवारी तिची मिरवणूक निघते, तिच्याशेजारी उभे राहून लोक छायाचित्रे काढून घेतात. मालट्रक जुना झाला की तो भंगार होतो. त्याचे मोल किलोवर ठरते आणि ते ठरवायला येणारा मनुष्य चाकाला एक लाथ मारूनच बोलायला सुरुवात करतो.

सरकारचीही दृष्टी याहून फारशी निराळी नाही. २०२१ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षे ओलांडलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनाला वीस हजार रुपये भरून नवी नोंदणी मिळते, 'व्हीए' ही मानाची अक्षरे मिळतात आणि दहा वर्षे निर्धास्तपणा मिळतो. नियम चांगले आहेत. फक्त ते दुचाक्यांना आणि खाजगी वापराच्या चारचाकी गाड्यांना लागू आहेत. माझ्या अंगणात जी उभी आहे तिला सहा चाके आहेत, आणि तिने आयुष्यात खाजगी असे काही केलेलेच नाही. तिने कापूस वाहिला, सरकी वाहिली, परतवाड्याचे सागवान वाहिले, वरुड-मोर्शीची संत्री वाहिली. कष्ट करून म्हातारे झालेल्यांना वय असते. 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला मात्र बसून म्हातारे व्हावे लागते, असा काहीसा हा न्याय आहे.

ती म्हणजे १९६२ सालची टाटा-मर्सिडीज-बेंझ. व्याकरणाप्रमाणे ट्रक पुल्लिंगी खरा. पण आमच्या घरात तिचा उल्लेख कधी 'तो' असा झाला नाही. ती 'गाडी'. घरी दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे तिला निराळे नाव द्यायची गरजही पडली नाही. अलीकडे अमरावतीत नवीन ओळख झालेल्या एका गृहस्थांना मी सहज म्हणालो, "आमच्याकडे साठ वर्षांपासून मर्सिडीज आहे." त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. त्यांना काळी, लांबलचक, काचा वर केलेली मोटार दिसली असणार. आमच्या लहानपणी मर्सिडीज या शब्दाला असला श्रीमंती वास नव्हता. त्याला डिझेलचा, रुईचा आणि ओल्या ताडपत्रीचा वास होता. महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात 'मर्सिडीज आली' म्हटले की पोरे धावत ती ट्रकच्या मागे.

याचा इतिहास थोडक्यात सांगतो. वऱ्हाडचा कापूस आधी बैलांच्या पाठीवरून आणि छकड्यांतून निघाला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ही स्टेशने कापसाने पांढरी झाली. यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही अंगांनी मूर्तिजापूरला येणारी अरुंद रुळांची शकुंतला सर्वांना माहीतच आहे. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. पण रेल्वे स्टेशनापाशी थांबते. शेत, जिनिंग, बाजार आणि स्टेशन यांच्यामधली धूळ तुडवायला कुणीतरी लागतेच. ते काम हळूहळू मोटारट्रकांनी उचलले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याहून डॉज व फार्गो बाहेर पडू लागल्या. १९५४ साली जनरल मोटर्सने आपला इथला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार १५ वर्षे चालला. १९६९ साली तो संपला आणि ट्रकच्या नाकावरची तीन टोकांची चांदणी जाऊन तिथे 'टी' हे अक्षर आले. चांदणी असलेल्या गाड्या म्हणजे त्या पंधरा वर्षांतल्या.

माझे वडील तेव्हा अकोल्याच्या एका अडतीवर दिवाणजी होते. दिवाणजीने ट्रक घ्यावा हे आजोबांच्या दृष्टीने वेड होते, आणि आईच्या दृष्टीने तर संकटच होते. कारण कर्जाला जे कमी पडले ते तिच्या पाटल्यांनी भरून निघाले. त्या पाटल्या पुढे परत आल्या नाहीत. आई त्याबद्दल कधी भांडली नाही, पण गाडीचे काही बिघडले आणि पैसे निघाले की ती हातावर हात चोळून इतकेच म्हणे, "माह्या पाटल्या हायेत त्या चाकात. फिरू दे." गाडीवर पुढच्या बाजूला रंगाऱ्याकडून 'अंबादेवी प्रसन्न' लिहून घेतले होते. आमच्या घरी मात्र प्रसन्न कोण आणि कोप कोणाचा, हे आईच्या त्या वाक्याच्या स्वरावरून ठरत असे.

कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीला सुरू होतो. त्यामुळे इतर घरांतले वडील दिवाळीला घरी येत, तेव्हा आमचे घरून निघत. अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. आज तो रस्ता तास-दीड तासाचा आहे. २०२२ च्या जून महिन्यात याच दोन जिल्ह्यांमधल्या महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालून झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ती बातमी मी वाचली तेव्हा मला वडिलांचा रस्ता आठवला. तो एकेरी, कडेला काळ्या मातीचा. समोरून दुसरा ट्रक आला की दोघांपैकी एकाने मातीत उतरायचे. पाऊस नुकता थांबलेला असला तर उतरणारा तिथेच मुक्कामाला. गाडीवर तीसेक दाबगाठी, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर क्लीनर झोपलेला. काटेपूर्णेच्या पुलाआधी वडील नेहमी थांबत, चाकांवर पाण्याचा हबका मारून पाहत. ब्रेकचा ड्रम फार तापला असला तर पाणी चर्र करी. तो आवाज ते आम्हांला तोंडाने काढून दाखवीत, आणि तेवढी आमची उशिराची दिवाळी.

गाडीने १९९१ पर्यंत भाडी केली. तोवर रस्त्यावर तिच्याहून दुप्पट ओझे वाहणाऱ्या गाड्या आल्या होत्या, वडिलांचे गुडघे गेले होते आणि आम्ही भावंडे नोकऱ्यांना लागलो होतो. एक गिऱ्हाईक आले, भाव ठरला, विसार घ्यायचा तेवढा उरला. आणि जिने तीस वर्षे त्या गाडीला पाटल्यांचा टोमणा मारला, ती आईच आडवी आली. ती दर्यापूरकडच्या शेतकऱ्याची लेक. दारात उभी राहून ती वडिलांना म्हणाली, "म्हातारा बैल कोनी बाजारात नेते काय?"

नेतात. दुष्काळाच्या वर्षी नेतातच, आणि नेणारे काही दुष्ट नसतात. दावणीला दोन जनावरे आणि वैरण एकाची, असे असले म्हणजे काय होते हे आईने माहेरी पाहिलेले होते. म्हणून तिचा प्रश्न भाबडा नव्हता. आपल्याकडे यंदा वैरण आहे की नाही, एवढेच ती विचारीत होती. वडिलांनी थोडा वेळ विचार केला आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावले.

इथे पोळ्याविषयी सांगितले पाहिजे. आमच्या वऱ्हाडात पोळा हा दिवाळीच्या तोडीचा सण. त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडलेले असतात. त्यांवर लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेकायचे, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण द्यायचे. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा हा सगळा थाट दुसऱ्या दिवशीचा. आदल्या दिवशी थाट नाही, गर्दी नाही. माणूस, जनावर आणि दुखरी जागा एवढेच. वडील शेतकरी नव्हते, परंतु हा विधी त्यांनी सोडला नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते ग्रीसगन घेऊन गाडीखाली शिरत आणि कमानीच्या पाट्यांच्या पिना, किंगपिना, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, जिथे जिथे गाडी ओझे सोसते त्या प्रत्येक जागी, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत भरीत. आई कंदील धरून उभी असे. तिने त्याला खांदशेकणी म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव राहिले.

मी शाळामास्तर. निवृत्त झालो तो २०१३ साली. तोवर वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली वीटभट्टीतल्या विटेसारखी तांबूस होत चालली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, लोखंड ते, त्याला काय होणार. उभ्या गाडीचे हाल चालत्या गाडीहून वाईट असतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. रबरी सिलांतला ओलावा जातो आणि त्यांना चिरा पडतात. डिझेलच्या टाकीत हवेतले पाणी उतरते, तळाशी शेवाळासारखा गाळ धरतो. इंजिनातले तेल धातूवरून ओघळून खाली बसते आणि वरची पात्रे कोरडी पडतात. उंदीर वायरी खातात. पाली कुठे अंडी घालतात ते तर विचारूच नये. केबिनचा पत्रा बाहेरून कधी सडत नाही; तो सडतो दाराच्या खालच्या दुमडीत, पायाखालच्या सतरंजीखाली, जिथे चिखलाचे पाणी साचून राहते. वरून रंग साबूत आणि बोट लावले तर आरपार.

मला यातले काही येत नव्हते. ज्याला येत होते तो अकोल्याला होता. १९६७ साली तेरा वर्षांचा एक पोरगा आमच्या गाडीवर क्लीनर म्हणून आला. ताडपत्रीवर झोपे, हँडल मारी, पाने हातात देई. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. वडिलांकडून ड्रायव्हिंग शिकला, पुढे एका उस्तादाच्या हाताखाली इंजिन शिकला आणि अकोल्यात स्वतःचे गॅरेज टाकून मिस्तरी झाला. मी निरोप पाठवला. तो सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून आला. शेडमध्ये गेला, बोनेट न उघडता पुढच्या मडगार्डवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, हिले जंग लागला नाही. हे रुसली हाये."

रुसवा काढायला चौदा महिने लागले. तो महिन्यातून दोनदा येई; अधल्यामधल्या दिवशी मी त्याने सांगितलेली कामे करी. चाके ठोकळ्यांवर घेतली. टाकी उतरवून आत मूठभर बारीक खडे टाकले, ती दोघांनी दोन टोकांना धरून हलवली, आणि बाहेर आलेला गाळ पाहून शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. हेड उतरले, लायनर पाहिले. दोन झिजले होते. इथे एक गोष्ट आमच्या बाजूची होती. त्या जर्मन घराण्याची इंजिने पुढे कित्येक वर्षे टाटांच्या गाड्यांत चालत राहिली, त्यामुळे पुष्कळसे सामान अजून कुठे ना कुठे निघते. जे निघाले नाही ते अकोल्याच्या लेथवर घडवून घेतले. टायर वीस इंची. ते तर अजूनही नवे मिळतात. विलायती मोटार राखणाऱ्याला एखाद्या दिव्याच्या काचेसाठी सातासमुद्रापार लिहावे लागते. आमची गाडी गरिबाघरची असल्यामुळे तिची भावंडे गावोगाव होती.

खरी अडचण आली ती हौद्याची. त्या काळी कारखान्यातून ट्रक म्हणजे नुसता सांगाडा येई. पुढचे नाक, खाली चेसिस आणि उघड्यावर बसायची जागा. केबिन आणि हौदा ज्याने त्याने आपापल्या गावी बांधून घ्यायचा. आमच्या गाडीचा हौदा परतवाड्याच्या सागाचा, गावच्या सुताराने बांधलेला. जुन्या वाहनाबद्दल जाणते लोक पहिला प्रश्न विचारतात, की ती मूळ रूपात आहे का. ट्रकला हा प्रश्न विचारला म्हणजे हसू येते. तिचे मूळ रूप अर्धे श्टुटगार्टच्या नकाशावर होते आणि अर्धे सुताराच्या डोक्यात. त्यात दर दोन-तीन वर्षांनी फळ्या बदलल्या, फाळक्याच्या कड्या बदलल्या, रंग तर आठ वेळा बदलला. आज हिशेब मांडला तर वडिलांच्या वेळचे इतके शिल्लक आहे: चेसिस, इंजिनाचा मुख्य ठोकळा, गिअरबॉक्स, पुढचा आस, स्टिअरिंगचे चाक आणि नाकावरची चांदणी. बाकी सगळे नंतरचे. परंतु जे बदलले ते चालता चालता बदलले. झिजले म्हणून बदलले. दाखवायला म्हणून काहीच बदलले नाही.

चांदणीवरून आठवले. मध्यंतरी बाहेरगावचे एक हौशी संग्राहक आले होते. सभ्य गृहस्थ. त्यांनी गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, फार कौतुक केले आणि शेवटी अदबीने विचारले, की चांदणी आणि स्टिअरिंगचे चाक तेवढे देता का. किंमतही बरी सांगितली. दिवाणखान्यात भिंतीवर लावायला त्यांना हवे होते. त्यांच्याआधी आठच दिवस भंगारवाला येऊन गेला होता. त्याला चांदणी नको होती, बाकीचे वजन हवे होते. मी रात्री हिशेब केला. एकाला नाव पाहिजे, दुसऱ्याला लोखंड. दोघांनी मिळून गाडी संपूर्ण उचलली असती आणि तरी गाडी कुणालाच नको होती.

मग मला ती का हवी आहे? हा प्रश्न मुलगा पुण्याहून आला की दर वेळी विचारतो. तो रागाने विचारीत नाही. शेडची जागा मोकळी झाली तर तिथे दोन खोल्या निघतील, त्याचे म्हणणे खरे आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरची सरकारी वाहनेसुद्धा मोडीत काढायची ठरले, हेही तो सांगतो. जुने डिझेल इंजिन धूर ओकते, रस्त्यावर त्याला जागा नसावी, हे मलाही मान्य आहे; आणि आमची गाडी रस्त्यावर जातही नाही. तिचे भाड्याचे आयुष्य संपले. दर पंधरा दिवसांनी ती सुरू होते, शेडमधून निघून कडुनिंबापर्यंत चाळीस पावले जाते आणि चाळीस पावले मागे येते. लाखो किलोमीटर धावलेल्या गाडीची ही फेरी पाहून नवख्याला कीव येईल. पण तेवढ्याने टायरांची बैठक बदलते, गिअरांना तेल लागते, पाणी फिरते. म्हाताऱ्या माणसालाही डॉक्टर याहून निराळे काय सांगतात?

ती सुरू करणे हा एक सावकाशीचा विधी आहे. या जुन्या इंजिनाला आधी ऊब द्यावी लागते. बटण ओढून धरायचे आणि डॅशबोर्डावरच्या जाळीमागची तार लाल होईपर्यंत थांबायचे. उन्हाळ्यात लवकर, हिवाळ्यात उशिरा. घाई केली तर ती खोकते, पांढरा धूर टाकते आणि बंद पडते. वडील म्हणत, जर्मन बाई आहे, आधी नमस्कार घेते मग बोलते. दुरुस्तीनंतर २०१४ साली पहिल्यांदा तार लाल झाली तेव्हा आई ओसरीवर खुर्चीत बसलेली होती. तिला तेव्हा फारसे दिसत नसे. इंजिनाने दोन आचके दिले, डिझेलच्या नळीत हवा धरलेली होती ती मिस्तरीने काढली, आणि तिसऱ्या वेळी सहाही सिलिंडर बोलले. खिडक्यांची तावदाने थरथरू लागली. आईने आपले मोकळे मनगट दुसऱ्या हाताने धरले आणि ती म्हणाली, "हाये, हाये. अजून फिरून राहिल्या." त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली.

आता खऱ्या गोष्टीवर येतो. गाडीची मला काळजी नाही; लोखंडाला वेळ असतो. काळजी मिस्तरीची होती. त्याने आयुष्यभर इंजिने कानाने दुरुस्त केली. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठला व्हॉल्व्ह ढिला, कुठले नोझल थेंब टाकते, कुठले बेअरिंग उद्या बोलणार, ते तो सांगे. चार वर्षांपूर्वी त्याचे कान जाऊ लागले. आयुष्यभर उघड्या इंजिनांजवळ डोके धरले त्याचा तो मोबदला. यंत्र लावून माणसांचे बोलणे त्याला ऐकू येते, पण इंजिनाचे येत नाही. म्हणजे जे ऐकायचे नाही तेवढेच ऐकू येते, असे तो म्हणतो.

माझी नात इथेच माझ्याकडे राहून यंत्राचे इंजिनिअरिंग शिकते. तिला गाडीत रस होता तो वारा घेण्यापुरता, केबिनच्या टपावर बसून अभ्यास करण्यापुरता. एका रविवारी मिस्तरी पेचकस कानाला लावून बराच वेळ बसला. मग त्याने तो काढला आणि काही न बोलता तिच्या हातात दिला. ती गोंधळली. त्याने तिचा हात धरून मूठ बरोबर हाडावर टेकवली.

"काय म्हनते?" त्याने विचारले.

"आवाज येतो."

"आवाज त सारेच करते, बाई. टकटक हाये का ठकठक?"

तिने पुन्हा ऐकले. "टकटक. पण मध्येच एक चुकते."

"कितव्याले?"

तिने मोजले. पाचवे. त्याने पेचकस पुढच्या सिलिंडरवर सरकवायला सांगितले. "इथं?" "इथे नाही." "इथं?" "इथे जास्त आहे." त्याचा चेहरा उजळला. त्याने बोनेटात हात घातला, एक नट अर्धा फेरा फिरवला आणि विचारले, "आता?" ती डोळे मिटून म्हणाली, "आता नाही चुकत."

हे दोघांचे तेव्हापासून चालू आहे. तो ऐकू शकत नाही आणि ती ओळखू शकत नाही. मिळून एक मिस्तरी होतो. तिला आवाजाला शब्द शोधावे लागतात, कारण त्याला ते शब्दांतच पोचवायचे असतात. खरखर, किरकिर, धाप, फुसका, कोरडा, ओला, अशी तिची एक वही झाली आहे. प्रत्येक शब्दापुढे तो सांगेल ते कारण, आणि कारणापुढे इलाज. तिच्या पुस्तकांत याच गोष्टी आकड्यांनी आणि वक्ररेषांनी सांगितलेल्या असतात. ती म्हणते, दोन्ही एकच आहे आजोबा, फक्त पुस्तकाला थरथर येत नाही. साठ वर्षे जे ज्ञान एका माणसाच्या कवटीच्या हाडात होते ते असे, त्याचे कान गेल्यामुळे, पहिल्यांदा कागदावर आले. कान शाबूत असते तर त्याला कुणाला विचारायची गरजच पडली नसती.

मुलाला मी आता उत्तर देतो ते असे. ही गाडी मी वडिलांची आठवण म्हणून ठेवलेली नाही. आठवणीला चांदणीसुद्धा पुरली असती, भिंतीवर लावता आली असती. भिंतीवरच्या चांदणीला ग्रीस लागत नाही, तिला पंधरा दिवसांनी कुणी विचारीत नाही, तिच्यासाठी अकोल्याहून कुणी येत नाही. चालती गाडी ठेवायची म्हणजे तिच्याबरोबर लेथवाला ठेवावा लागतो, सुतार ठेवावा लागतो, पेचकस कानाला लावणारा ठेवावा लागतो आणि त्याचे ऐकणारे कुणी तरी तरुण घरात ठेवावे लागते. वैरण लागते ती ही. ती जोवर आहे तोवर बैल दावणीला राहील. उद्या नसेल तर मी कुणाला शपथ घालून जाणार नाही. मुलगा हसतो आणि दोन खोल्यांचा नकाशा पिशवीत ठेवतो. तो नकाशा तो फाडत नाही, हेही मी पाहून ठेवले आहे. आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पाऊस होता. मिस्तरीला येता आले नाही. नात कॉलेजातून आली, तिने वही उघडून ग्रीसच्या जागांची यादी काढली आणि जुना सदरा घालून गाडीखाली शिरली. मी टॉर्च धरून उभा होतो. एकेका जागेचे नाव ती मोठ्याने घेई, गन दाबी, काळे ग्रीस बाहेर पडून पिवळे दिसले की पुढे सरके. मागच्या कमानीच्या एका पिनेपाशी ती बराच वेळ थांबली. तिथे ग्रीस आत जात नव्हते. तिने निपल काढले, तारेने भोक मोकळे केले, पुन्हा बसवले आणि पुन्हा दाबले. आतून हळूच कुरकुर झाली आणि नवे ग्रीस कडेने फुलून बाहेर आले. ती खालूनच ओरडली, "आजोबा, लिहून ठेवा. मागची उजवी, ओली कुरकुर."

मी लिहून ठेवले.